पंख्याची पिन : घरी शिकलेला एक धडा



हा लेख वाचताना तुमच्या डोक्यावर पंखा फिरत असेल तर एकदा वर बघा. पात्यांकडे नको, छताला चिकटून जी वाटी असते ना, तिच्याकडे बघा. त्या वाटीच्या आत काय आहे, हे तुम्ही कधी पाहिलंय का? मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. परिपथ, फ्यूज, घर्षण, बल, सगळं फळ्यावर काढून दाखवते. पण माझ्याच घरातल्या पंख्याच्या वाटीत मी यंदाच्या एप्रिलपर्यंत कधी डोकावले नव्हते. डोकावले त्या रात्री मला झोप लागली नाही. का लागली नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आम्ही मावळात, बेडसे गावात राहतो. कामशेतहून पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याने यायचं आणि आत वळायचं. गावाच्या वर डोंगरात लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. कार्ला-भाज्याला जेवढी गर्दी होते तेवढी इथे होत नाही. आमचं मूळ घर कौलारू. गेल्या वर्षी त्याला लागून एक स्लॅबची खोली काढली, कारण लेक यंदा दहावीला जाणार. तिला अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी होती. खोली झाली, रंग झाला, टेबल आलं. एप्रिल आला आणि लेक पुस्तकं उचलून परत जुन्या घरात येऊन बसली. म्हणाली, "आई, रात्री तिथे भट्टी पेटल्यासारखं वाटतं."

तिचं खरंच होतं. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आपल्याला परत देतो. आबा, म्हणजे माझे सासरे, हसून म्हणाले, "लेण्यात नेऊन बसव तिला, तिथं गार असतं." गंमत सोडा, पण ते चुकीचं नाही. डोंगराचा दगड इतका जाड आहे की दुपारचं ऊन आतपर्यंत पोचतच नाही. तिथल्या चैत्यगृहाचं छत बघा कधी आलात तर. कमानीसारखं गोल कोरलेलं आहे आणि त्याला पूर्वी लाकडी कमानी बसवलेल्या होत्या. कार्ला आणि भाजे इथे तसलं जुनं लाकूड आजही दिसतं, आमच्या लेण्यातलं मात्र गेलं. म्हणजे छताला काहीतरी अडकवायचं काम आमच्या गावाला नवीन नाही आणि अडकवलेलं कायम राहतंच असंही नाही!

तर पंखा घ्यायचा ठरला. कामशेतच्या दुकानात गेलो. लेक बरोबर होती, म्हणून दुकानातच गणिताचा तास झाला. साधा पंखा साधारण ७५ वॉटचा आणि नवीन बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉटचा. रोज दहा तास चालला तर साधा महिन्याला साडेबावीस युनिट घेणार, बीएलडीसी नऊ. लेकीने मोबाइलवर न करता हिशोब तोंडी केला, याचा मला पंख्यापेक्षा जास्त आनंद झाला. खोक्यावरचे स्टारसुद्धा तिनेच मोजले. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना हे स्टार लेबल सक्तीचं आहे. पालकांनो, पंखा घ्यायला जाताना मुलांना बरोबर न्या. ऊर्जेचा धडा तिथे आपोआप होतो.

पंखा घरी आला पण वायरमन मिळेना. लग्नसराई. गावोगावी मांडवाची लायटिंग चालू. फोन केला की, "बाई, दोन दिवसांत येतो." असे दोन-दोन करत आठ दिवस गेले. आमचे हे तळेगावला कंपनीत आणि त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला. शेवटी रविवारी सकाळी मी म्हटलं, "चला, आपणच जोडू. वायरीचं काम वायरमन करेल, बाकीची जोडणी तर करून ठेवू."

जमिनीवर सतरंजी टाकली आणि खोकं उघडलं. मोटर, तीन पाती, एक लोखंडी दांडा, दोन वाट्या, यू आकाराचा क्लॅम्प, एक रबरी रीळ, नट-बोल्ट आणि स्क्रू. लेक माहितीपत्रक वाचत होती. इंग्रजी वाचायची आणि आबांना मराठीत सांगायची. रबरी रीळ कशासाठी? पंख्याची थरथर आणि आवाज थेट छताच्या हुकाला जाऊ नये म्हणून. वरची वाटी कशासाठी? हुक आणि जोड झाकायला. आबा पायावर पाय टाकून ऐकत होते.

बोल्ट तीन होते. एक दांडा मोटरला जोडणारा, दुसरा दांडा वरच्या क्लॅम्पला जोडणारा आणि तिसरा रबरी रिळातून जाऊन सगळा पंखा हुकात अडकवणारा. मी पाना घेऊन पहिल्या बोल्टचा नट आवळला. चांगला घट्ट. मग खोक्याच्या तळाशी एक एवढीशी प्लास्टिकची पिशवी निघाली. तिच्यात केसाच्या आकड्यासारख्या तीन पिना.

"या कशाला?" लेकीने विचारलं.

आता खरं सांगते, लपवत नाही. मी म्हणाले, "जादा दिल्या असतील. ठेव बाजूला. नट घट्ट बसलाय की!"

घाई होती. दुपारचा स्वयंपाक राहिला होता. वर्गात एखादा मुलगा गणिताची मधली पायरी गाळतो तेव्हा मी त्याला काय बोलते, ते माझ्या मुलांना विचारा. आणि इथे मीच पायरी गाळायला निघाले होते.

आबांनी पिन हातात घेतली. नातीला म्हणाले, "बैलगाडीचं चाक आसावर बसवलं की बाहेरून खीळ घालतात, ती बघितलीस का?" तिने कुठून बघणार? आमच्या गाडीचे बैल ती जन्मायच्या आधीच विकले. मग आबांनी सांगितलं. आसाच्या टोकाला भोक असतं. त्यात खीळ नसेल तर गाडी चालत नाही असं नाही. चालते! चांगली चालते. शेतातून रस्त्यावर येते, रस्त्याने दोन मैल जाते. प्रत्येक धक्क्याला चाक थोडं थोडं बाहेर सरकतं आणि नेमकं उतारावर निघतं. "दशरथाच्या रथाची गोष्ट माहीत आहे ना? खीळ निखळली म्हणून कैकेयीला बोट घालावं लागलं. पुढचं रामायण त्याच बोटामुळं. सूनबाई, तुम्हाला पंख्यात बोट घालायचंय का?"

सगळे हसलो. मीही हसले, पण पिना हातात घेतल्या.

आता ही पिन काय करते ते नीट समजून घ्या, कारण वर्गात सांगायला फार छान उदाहरण आहे. नट घट्ट का राहतो? आट्यांमधल्या घर्षणामुळे. पंखा चालू असताना सतत सूक्ष्म थरथर असते. त्या थरथरीने घर्षणाची पकड हळूहळू ढिली होते आणि नट केसभर मागे सरकतो. रोज केसभर. एरवी घर्षण आपला वैरी म्हणून शिकवतो, इथे ते आपल्या बाजूचं आहे आणि तेच कमी पडतं. म्हणून बोल्टच्या टोकाला आरपार भोक ठेवलेलं असतं. नट आवळून झाला की त्या भोकातून पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवायचे. मग नट ढिला झाला तरी पिनला येऊन अडतो. बोल्टातून बाहेर पडू शकत नाही.

लेकीला मी आकडा काढायला सांगितला. पूर्ण वेगात पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे मारतो असं धरू. तासाला २१,०००. आठ तासांच्या झोपेत १,६८,००० फेरे. एका रात्रीत! पंख्याचा व्यास १२०० मिलिमीटर, म्हणजे पात्याचं टोक एका फेरीत सुमारे ३.७७ मीटर जातं. गुणाकार करून पाहा, टोकाचा वेग ताशी जवळपास ७९ किलोमीटर येतो. डोक्यावर साधारण चार किलोचं यंत्र या वेगाने फिरतंय आणि खाली आपण बिनधास्त झोपतो, कारण वाटीच्या आत कुणीतरी काम नीट केलंय असा आपला विश्वास असतो.

आकडा बघून लेक गप्प झाली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो मला सुचायला हवा होता.

"आई, आपल्या जुन्या खोलीतल्या पंख्याला पिन आहे?"

जुन्या खोलीतला पंखा सहा वर्षांपूर्वी बसवून घेतला होता. तुळईला लोखंडी पाइप बांधून त्याला टांगलेला. त्याच्या बरोबर खाली आमचा धाकटा झोपतो. चार वर्षांचा आहे. जन्मल्यापासून तिथेच झोपतो. पाळणासुद्धा तिथेच होता.

मेन स्विच बंद केला. मी स्टुलावर चढले, लेकीने स्टूल धरलं. वाटीचा स्क्रू सैल करून वाटी खाली सरकवली. धूळ, कोळ्याचं जाळं आणि त्यामागे बोल्ट. बोल्टच्या टोकाचं भोक रिकामं होतं. पिन नव्हती. पडून गेली नव्हती, कधी घातलीच नव्हती. भोकात सहा वर्षांची धूळ घट्ट बसलेली होती. आणि नट सरकत सरकत अगदी टोकाशी आलेला. मी बोटाने हात लावला तर हलला. दोनच आटे उरले होते.

मी खाली उतरले. काही बोलले नाही. धाकटा दारात उभा राहून आंबा खात होता.

आबांनी लगेच पंखा उतरवायला लावला. शेजारच्या भावजींना हाक मारली, दोघांनी मिळून उतरवला आणि भिंतीशी ठेवला. त्या रात्री हे बारा वाजता कामावरून आले, तेव्हा मी जागीच होते. धाकट्याचं अंथरूण दुसऱ्या भिंतीला सरकवलेलं होतं. पंखा काढलेला असतानाही सरकवलं होतं. का, ते मला सांगता येणार नाही. यांनी नट हातात घेऊन पाहिला आणि नुसते बसून राहिले.

ज्याने तो पंखा बसवला त्याचा राग आला का? आला. पण मग तो दिवस आठवला. त्याने बटण दाबलं, पंखा फिरला. मी म्हटलं, "वा, झालं!" चहा दिला, पैसे दिले. त्याने जे तपासलं तेच मीही तपासलं होतं. फिरतोय ना? मग झालं. सहा वर्षं तो फिरतच होता की. एकही दिवस बंद पडला नाही. कुरकुरलासुद्धा नाही.

शिक्षक मित्रांनो, इथे मला आपला वर्ग आठवतो. उत्तर बरोबर आलं की आपण टिक मारतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. मुलाने ते समजून काढलं की शेजारच्याचं पाहून, की पाठ करून, हे बघायला वेळ नसतो. चाळीस वह्या असतात. त्याचंही फिरत असतं. सातवीत फिरतं, आठवीत फिरतं आणि मग दहावीला एकदम खाली येतं. तेव्हा आपण म्हणतो, असं कसं झालं, पोरगं तर हुशार होतं. त्याच्या वाटीत आपण कधी डोकावलेलो नसतो. मी माझ्याबद्दल बोलते आहे. तुम्ही तुमचं बघा.

असो. नवीन पंख्याकडे येते, कारण तिथे आणखी एक गोष्ट शिकायची बाकी होती.

जोडणी झाल्यावर तो हुकात अडकवण्याआधी वायरी पाहायच्या होत्या. छताच्या डब्यातून दोन वायरी लोंबत होत्या. बोर्डावरचं पंख्याचं बटण बंद होतं. मुलांना मी नेहमी सांगते, बटणावर विश्वास ठेवू नका, टेस्टर लावा. म्हणून आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर लावून तो पेटतो याची खात्री केली (बिघडलेला टेस्टरही पेटत नाही, हे लक्षात ठेवा). मग वरच्या वायरीला लावला. बटण बंद असताना टेस्टर पेटला.

कारण काय? बटण न्यूट्रलच्या वायरीवर बसवलेलं होतं. फेज सरळ छतापर्यंत गेलेली. परिपथ कुठेही तोडला तरी प्रवाह थांबतो, पंखा बंद पडतो, त्यामुळे वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. पण बटण बंद असतानाही वायरीत फेज जिवंतच राहते. पंखा बंद आहे म्हणून कुणी हात लावला की झटका. आठवीला मी हे वाक्य दरवर्षी लिहून देते, की बटण नेहमी फेजच्या वायरीवर असावं. एका गुणाचा प्रश्न. त्या दिवशी तो प्रश्न माझ्या बोटापासून दोन इंचांवर होता.

तिथे मी हात थांबवला. वायरीला हात लावायचा नाही, वायरमन येईल तेव्हाच पुढचं. सोमवारी संध्याकाळी तो आला, लग्नाच्या मांडवातून थेट. बोर्ड उघडून वायरी अदलाबदल केल्या, बटण फेजवर घेतलं, अर्थिंग तपासलं. मग पंख्याकडे वळला आणि पहिल्यांदा पिना पाहिल्या. मला बरं वाटलं. म्हणाला, "बाई, पिना घातल्यात ते चांगलं केलंत. पण या एकीचे पाय नीट वाकवलेले नाहीत. हीसुद्धा थरथरीने निघाली असती." पक्कड घेऊन दोन सेकंदांत वाकवले. म्हणजे इतकं सगळं होऊनही माझ्या हातून एक राहिलंच होतं. आपण केलेलं काम दुसऱ्या डोळ्याने तपासून घ्यावं, हे मी मुलांना सांगते ते उगीच नाही.

पंखा लागला. लेकीने त्याच रात्री एक प्रयोग केला, तो तुमच्या वर्गासाठी सांगते. खोलीत तापमापी ठेवून पंखा बंद असतानाचं तापमान लिहिलं. मग पंखा लावून अर्ध्या तासाने पुन्हा. पारा जवळपास तिथेच! मग तापमापीच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळला आणि पंख्याखाली धरली. पारा उतरला. पंखा हवा थंड करत नाही. तो अंगावरच्या घामाचं बाष्पीभवन वाढवतो, म्हणून गार वाटतं. त्यामुळे खोलीत कुणी नसताना चालू ठेवलेल्या पंख्याचा काही उपयोग नाही. हे एकदा स्वतः पाहिलं की मुलं खोलीतून जाताना बटण बंद करतात, ओरडावं लागत नाही.

आता पालकांसाठी थोडक्यात, घरी पंखा बसवून घेताना काय बघायचं ते सांगते.

बटण नव्हे, मेन स्विच बंद करूनच काम सुरू करा आणि तरीही टेस्टर लावा. वायरीचं काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. पाती जमिनीपासून आठ फूट तरी उंच आणि छतापासून एक फूट तरी खाली असावीत, म्हणजे हात लागत नाही आणि वाराही नीट लागतो. स्लॅबमध्ये हुक सळईला बांधलेला हवा. कौलारू घरात पंखा वाशाला टांगू नका, तुळईला किंवा पक्क्या पाइपला टांगा. तिन्ही पाती एकाच खोक्यातली ठेवा, कारण त्यांची वजनं जुळवलेली असतात. एक पातं दुसऱ्या पंख्याचं लावलं की पंखा डुलतो, आणि डुलणारा पंखा नट लवकर ढिला करतो. सगळं झाल्यावर वाटी वर सरकवण्याआधी कारागिराला म्हणा, "दादा, पिना दाखवा." तो रागावणार नाही. चांगला कारागीर तर खुशच होतो, कुणीतरी त्याचं काम बघतंय म्हणून. आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी पाती पुसायला कुणी मोठं माणूस चढेलच, तेव्हा वाटी खाली करून रबर झिजलंय का, पिना जागेवर आहेत का, एवढं बघायला सांगा. मुलांना वर चढवू नका. त्यांनी खाली उभं राहून प्रश्न विचारावेत. माझ्या लेकीने विचारला तसा.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गांचे पंखे तपासून घेतले. मी आठवीला घर्षण शिकवायला गेले तेव्हा पुस्तक उघडायच्या आधी खिशातून नट, बोल्ट आणि पिन काढली. मुलांच्या हातून फिरवली. नुसता नट लावून बोल्ट हलवायला सांगितला, मग पिन घालून. दुसऱ्या दिवशी दोन मुलं सकाळी प्रार्थनेच्या आधीच मला गाठायला आली. त्यांच्या घरी वडिलांनी वाटी उघडून पाहिली होती. दोन्ही घरांत पिन नव्हती.

जुन्या खोलीतला पंखा आम्ही टाकला नाही. तो चांगलाच होता, त्याचा काही दोष नव्हता. नवीन रबर, नवीन बोल्ट घेतले आणि पुन्हा त्याच पाइपला टांगला. पिना आणायला मी कामशेतला त्याच दुकानात गेले होते. दुकानदाराने बरणीतून चार-पाच पिना काढून कागदात गुंडाळून दिल्या. मी पैसे विचारले.

तो म्हणाला, "राहू द्या बाई, पिनांचे कुठे पैसे घ्यायचे?"